एकट्याचा फोटो

सदाकाका फोटोत कधीच कुणाच्या शेजारी उभे राहत नसत. माझ्या वाढदिवसाला बाबांनी कॅमेरा काढला की ते उठून गॅलरीत जायचे. आई हाक मारायची, "अहो भाऊजी, या की!" तिकडून उत्तर यायचं, "नको वैनी. एकदा हुबा ऱ्हायलो हुतो, तेवढं बास झालं." आई लाजायची, बाबा हसायचे.

त्यामागची हकिगत मला लहानपणापासून पाठ होती. काका निपाणीजवळचे, बाबा आजऱ्याकडचे. दोघं बहारीनच्या विमानतळावर सामानाच्या गाड्या ओढणारे ट्रॅक्टर चालवत आणि जवळच्याच मुहर्रक गावात एका खोलीत राहत. काकांना स्थळ सांगून आलं तेव्हा त्यांनी हाताशी होता तोच फोटो पाठवून दिला. त्यात ते आणि बाबा कंपनीच्या पिकअपला टेकून उभे होते. मुलीकडून होकार आला. काका सुट्टी काढून मुलगी बघायला गेले. मुलीनं दाराआडून पाहिलं आणि आपल्या आईला सांगितलं, "हा नव्हे, दुसरा."

ती मुलगी म्हणजे माझी आई. काकांनी बशीतले पोहे संपवले आणि म्हणाले, "त्योबी चांगलाच हाय. त्याचंबी लगीन व्हायचंय." पुढचं सगळं त्यांनीच जमवून दिलं. लग्नानंतर आईही बहारीनला आली आणि मी तिथंच वाढले. तो फोटो अजून आईच्या ट्रंकेत आहे. हे सगळं ते स्वतःच रंगवून सांगत, त्यामुळे त्यात वाईट वाटण्यासारखं काही आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. यायला हवं होतं.

शुक्रवारी ते जेवायला येत आणि येताना व्हिडिओ कॅसेट आणत. त्यांची चार इयत्ता शाळा कानडीत झाली होती, म्हणून सिनेमा कानडीच. आम्हाला त्यातलं अक्षर कळत नसे. काका टीव्हीशेजारी मांडी घालून बसत आणि सगळं मराठीत सांगत, बायकांच्या आवाजासकट. एक सिनेमा तर त्यांनी सात-आठ वेळा आणला असेल. तो एका तमिळ सिनेमावरून काढलेला होता. "नक्कल हाय, पर अस्सलापरास झ्याक," असं ते म्हणत. त्यात नायिका नायकाच्या मित्रालाच नवरा मुलगा समजते आणि नायक बिचारा त्याचा ड्रायव्हर बनून तिच्या घरी राहतो. आम्ही हसून हसून लोळायचो. शेवटी नायिकेला खरं कळतं आणि ती नायकाशी बराच वेळ काहीतरी बोलते. नेमके तिथं काका उठत. "फुडं समदं ग्वाड हाय. बगा तुमचं तुमी. खलास." आणि चहा टाकायला जात. ती काय बोलते, ते आम्हाला कधीच कळलं नाही.

मी बारावीत होते तेव्हा आईनं त्यांच्यासाठी एक स्थळ काढलं. गडहिंग्लजजवळच्या गावातल्या बालवाडीच्या बाई, पस्तिशीच्या. काका बेचाळीस. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग आठ दिवसांनी विचारलं, "फोटो धाडाय लागंल न्हवं?" बाजारातल्या स्टुडिओत ते मला घेऊन गेले. खिशातून पुठ्ठा काढला आणि म्हणाले, "सुमे, मराठीत माजं नाव लिव. मोठं लिव." तो पुठ्ठा छातीशी धरून त्यांनी फोटो काढून घेतला.

आई म्हणाली, "भाऊजी, हा तर चोराचा फोटो झाला!"

"चोर तर चोर. पर कंचा, ते तरी कळंल."

होकाराचं पत्र आलं ते मीच वाचून दाखवलं. काकांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "नाव कुनाचं लिवलंय त्येवडं बग." मी बघितलं. त्यांचंच होतं. त्या शुक्रवारी ते तोच सिनेमा घेऊन आले आणि शेवटाला उठले नाहीत. नायिका बोलू लागली तसे टीव्हीकडे बघत हळू आवाजात सांगू लागले, "ती म्हनत्या, फोटू बगून हो म्हटलं ती माजी चूक. आता तुमच्याकडं बगून म्हनत्ये." खरंच ती तसं म्हणत होती, की काका मनानंच सांगत होते, मला ठाऊक नाही. आईनं त्या दिवशी चहा केला.

दिवाळीत लग्न ठरलं. जूनमध्ये, भर दुपारी, काका विमानतळावर ट्रॅक्टरवरच बसल्या जागी गेले. हॉस्पिटलात ओळख पटवायला बाबांना बोलावलं. घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "तोच आहे." मग हात धुतले आणि जेवायला बसले. आम्ही सगळेच जेवलो. आमटीत मीठ नव्हतं आणि कुणी मागितलं नाही.

बालवाडीच्या बाईंच्या घरी कळवायचं होतं. बाबा म्हणाले, "तू कॉलेजात जाणार, तूच लिही." आमच्या घरात एवढं शिकलेलं दुसरं कुणी नव्हतं. मी तीन ओळी लिहिल्या. तिसरी ओळ पुसून पुन्हा लिहिली. काकांचं पूर्ण नाव घातलं, म्हणजे बाईंकडच्यांचा काही घोटाळा व्हायला नको. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही, अजूनही आलेलं नाही.

आमच्याकडे स्थळ मोडलं की फोटो परत पाठवतात. बाबांनी पत्राखाली माझ्या कोल्हापूरच्या वसतिगृहाचा पत्ता घालायला सांगितला होता, कारण मी महिन्याभरात तिथं जाणारच होते. बाईंच्या भावाचं दोन ओळींचं उत्तर आलं. सोबत काकांची पत्रिका परत आली. पाकीट मी दोनदा उलटं करून झटकलं.

त्याला आता दीड वर्ष झालं. गडहिंग्लज इथून दोन-अडीच तासांवर आहे. जाऊन यावं असं कधी कधी वाटतं, पण जाऊन काय बोलायचं ते सुचत नाही. बाबा प्रत्येक पत्रात विचारतात, सदाचा फोटो परत आला का. मी लिहिते, नाही आला, त्यांनी ठेवून घेतला असावा.