चारपर्यंत थांबलेली मावशी

माझी मावशी कर्वेनगरात एकटी राहते. वय ब्याऐंशी, गुडघे त्याहून म्हातारे, जीभ मात्र अजून चाळिशीतली. काका गेल्यावर ती एकदा घरात पडली, तेव्हा तिच्या परदेशातल्या मुलाने, म्हणजे माझ्या मावसभावाने, तिथूनच फर्मान काढलं: एकतर वृद्धाश्रम, नाहीतर देखरेखीचं यंत्र. मावशीने यंत्र निवडलं, कारण त्यासाठी स्वतःचं घर सोडावं लागत नव्हतं.

यंत्र म्हणजे गळ्यात घालायचं एक बटण, हॉलमध्ये एक बोलणारा डबा आणि प्रत्येक खोलीच्या दारावर एकेक छोटी पांढरी डबी. मावशी कुठल्या खोलीत गेली ते या डब्यांमुळे मदत केंद्रातल्या मुलीला कळतं. बटण दाबलं की ती मुलगी हॉलमधल्या डब्यातून बोलते. "सासूबाई गेल्या तेव्हा वाटलं होतं, सुटले," मावशी त्या डब्यांकडे बघत म्हणाली. पण बटण तिने गळ्यात घातलं.

पहिल्याच आठवड्यात त्या मुलीने दुपारी दोन वाजता चौकशी केली. मावशी म्हणाली, "आपल्याकडे घड्याळ नाही का? एक ते चार या वेळात सभ्य माणसं कुणाला उठवत नाहीत." मुलगी विदर्भातली, पुण्यात नवी. तिने ते शहराचा कायदा असल्यासारखं मनावर घेतलं. मला तिची दयाच आली. पण पोरगी चिवट निघाली. रोज सकाळी, "आजी, चहा झाला का?" "झाला. आपला?" असं करत करत महिनाभरात मावशीला तिच्या भावाच्या परीक्षेची काळजी वाटू लागली.

आणि एका दुपारी मावशी बाथरूममध्ये घसरून पडली.

बटण गळ्यात होतं, शुद्ध शाबूत होती, हात चालत होते. तरी तिने बटण दाबलं नाही. फरशीवर पडून राहिली. इकडे केंद्रातल्या मुलीच्या लक्षात आलं की आजी बाथरूममध्ये गेल्या आहेत आणि बाहेर आलेल्याच नाहीत. झोपल्या असत्या तर त्या झोपायच्या खोलीत असत्या. तिने कायदा मोडला आणि डब्यातून हाक मारली. पुढचा संवाद तिनेच मला नंतर सांगितला.

"आजी, ठीक आहात ना?"

"ही काय वेळ आहे का?" आतून उत्तर आलं.

"नाही आजी. पण तुम्ही कुठे आहात?"

"खाली. पडले आहे."

"मग बटन काऊन नाही दाबलं?" घाबरून ती तिच्या गावच्या बोलीवर आली.

"चारला दाबणार होते."

मुलीने लगेच शेजारणीला आणि मला फोन केला. शेजारणीकडे किल्ली होती. मी पोचले तेव्हा मावशी खुर्चीत बसली होती आणि त्या मुलीला जेवली का म्हणून विचारत होती. हाड मोडलं नव्हतं. मला हसू येत होतं आणि रडूही. कधी न पाहिलेल्या म्हातारीसाठी जिवाला घोर लावून बसलेल्या त्या मुलीचे पाय धरावेत असं मला खरोखर वाटलं.

मावसभाऊ मात्र आठवड्याच्या आत येऊन थडकला. येतानाच वृद्धाश्रमात जागा बघून आला होता. "जी बाई बटण दाबतच नाही, तिला बटणाचा उपयोग काय?" तो म्हणाला. मावशी दोन दिवस एक टोमणासुद्धा मारत नव्हती, आणि तिच्या पडण्यापेक्षा मला याचीच जास्त भीती वाटली.

शनिवारी जेवणं झाल्यावर मावशी आत आडवी झाली. मी आणि भाऊ हॉलमध्ये लवंडलो होतो. डोळा लागतो न लागतो तोच डबा बोलला, "आजी, काय झालं?"

आतून मावशीचा आवाज आला. "गुडघा धरलाय. पलंगावरून उठता येत नाहीये. मला मदत हवी आहे."

मी घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजले होते. मदत हवी आहे, हे शब्द मी मावशीच्या तोंडून जन्मात ऐकले नव्हते. काकांच्या आजारपणात तिने सगळं एकटीने ओढलं, तेव्हाही नाही.

भाऊ धावत आत गेला. तिला धरून बसतं केलं आणि जरा चिडूनच म्हणाला, "आई, मी शेजारच्या खोलीत आहे. नुसती हाक मारायची होतीस."

"तू सोमवारी परत जाणार," मावशी म्हणाली. "मला सवय या बटणाची व्हायला हवी."

तो कपाटातून तेलाची बाटली काढून तिच्या पायाशी बसला आणि गुडघा चोळू लागला. संध्याकाळी त्याने वृद्धाश्रमाला फोन करून जागा नको म्हणून कळवलं.