तोंडी उत्तरावर माल पास होत नाही

भोसरीच्या एका कारखान्यात मी एकवीस वर्षं क्वालिटी तपासणीत होते. गाड्यांच्या पिना मापायच्या, चुकलेल्या बाजूला काढायच्या. ऑपरेटर म्हणायचा, "ताई, बरोबर आहे, घ्या." तरी मी मापायचेच.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी विसरायला लागले. गॅसवरचं दूध, चालू नळ, शेजारणीचं नाव. डॉक्टरांनी तपासून औषध दिलं. ब्लडप्रेशरची गोळी आधीपासून होतीच. मुलानं एक बोलणारा स्पीकर आणून ओट्यावर ठेवला. रोज सकाळी आठला तो म्हणायचा, "आई, बीपीची गोळी घ्या." मला तो आवडला होता, उगाच खोटं कशाला बोलू?

एका सकाळी मी साडेसातलाच गोळी घेतली. आठला तो बोलला आणि मी विसरून पुन्हा घेतली. आकुर्डीच्या मंडईत मेथी निवडताना डोळ्यांपुढं अंधार आला. भाजीवालीनं मला पोत्यावर बसवलं आणि माझ्याच फोनवरून मुलाला बोलावलं. तो दिवस दवाखान्यात गेला.

घरी आल्यावर मुलगा सुनेकडे बोट दाखवून म्हणाला, "आता गोळ्या हिच्याकडे राहतील. तू एकटीनं बाहेर जायचं नाही. घराची किल्ली दे."

सून खाली बघत होती. तिची नोकरी चाकणला, सकाळी सहालाच कंपनीची बस. आठची गोळी ती कशी देणार, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"किल्ली देणार नाही," मी म्हणाले.

"आई, पडली असतीस."

"पडले असते. पण चूक कुठं झाली ते आधी बघ. 'गोळी घ्या' एवढंच तू स्पीकरला सांगून ठेवलंस. तो तेच बोलला, मी तेच केलं."

"मग 'घेतली का?' असं विचारायला लावतो."

"मी हो म्हणेन. विसरणाऱ्या माणसाला विचारून काय उपयोग? तोंडी उत्तरावर माल पास होत नाही."

तो हसला नाही. मीही नाही. माझ्या पद्धतीनं करून बघायला मी त्याच्याकडून एक महिना मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी मेडिकलमधून सात कप्प्यांची डबी आणली. रविवारी ती मी भरते, सून तपासते. डॉक्टरांना विचारून मी वाक्य ठरवलं, मुलानं ते फोनवरून स्पीकरमध्ये भरलं, वार तेवढा रोज बदलतो: "आज मंगळवार. मंगळवारचा कप्पा उघडा. गोळी असेल तर घ्या. नसेल तर झाकण लावा."

त्या महिन्यात दोनदा स्पीकर बोलला तेव्हा कप्पा रिकामा होता. दोन्ही वेळा मी झाकण लावलं. मुलगा संध्याकाळी डबी उघडून बघायचा, बघू दे. किल्लीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

हा आजार बरा होणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. कधीतरी मला वारही वाचता येणार नाहीत, तेव्हा डबी दुसऱ्याच्या हातात जाईल. तो दिवस मी ठरवणार नाही, हेही कळतं. पण तो आज नाही. आज मी मंडईत जाऊन आले.

परवा भाची आली होती, तिचं नाव आठवेना. चार पाहुण्यांसमोर तिलाच विचारलं. तिनं सांगितलं. मुलगा ओशाळला. ओशाळू दे, मला नाव कळलं.