पूजेतला पाना

कांदिवलीला चारकोपात विद्याधर परबला चेहऱ्याने ओळखणारे थोडे. पायांनी ओळखणारे मात्र सगळे. कारण संध्याकाळी साडेसहानंतर त्याच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एक मोठी निळी मोटारसायकल उभी असते, आणि तिच्या बाजूने दोन काळपट पाय बाहेर आलेले असतात. त्या पायांना लोक नमस्कार करतात, वॉचमन त्या पायांना निरोप सांगतो, आणि पाय बरोबर उत्तर देतात.

वय त्रेपन्न. नोकरी विमा कंपनीत, दुसऱ्यांच्या अपघातांचे कागद तपासायची. दिवसभर कागद चाळले की माणसाच्या हाताला संध्याकाळी काहीतरी लोखंडी लागतं, हे त्याचं ठाम मत. गाडी म्हणाल तर स्पोर्ट टूरिंग. पळायला लागली तर तरण्या पोरांच्या गाड्यांना मागे टाकेल, पण बनवलेली लांबच्या प्रवासासाठी, दोन माणसं आणि चार दिवसांचं सामान घेऊन. साकीनाक्याच्या एका गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात पडली होती, तिथून त्याने सहा वर्षांपूर्वी ती आणली. तेव्हापासून तिला दुसऱ्या मिस्त्रीचा हात लागू दिला असेल तर शपथ. ऑइल तो बदलतो, ब्रेकचे पॅड तो घालतो, चेन तर रॉकेल नि जुन्या टूथब्रशने अशी घासतो की बायको जानकी म्हणते, "एवढे स्वतःचे दात घासले असते तर एक दाढ वाचली असती."

हे वेड बापाकडून आलेलं. दत्ताराम परब गिरणीत फिटर होते. पोराला पहिली सायकल आणली तेव्हा म्हणाले, आधी सगळी सोडव, परत जोड, मग चालव. विद्याधरने दोन रविवार घालवून जोडली तेव्हा दोन नट उरले. दत्तारामांनी ते त्याच्या हातावर ठेवले नि म्हणाले, "ह्ये खयले ता कळल्याशिवाय टांग मारूची नाय." ते कळायला तिसरा रविवार गेला.

दत्ताराम गेले, गिरणीही गेली. पण गिरणीतले त्यांचे अकरा पाने विद्याधरकडे आहेत आणि एक नियमही आहे. खंडेनवमीच्या संध्याकाळी घरातली सगळी हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडूचं फूल वाहायचं, आणि दसऱ्याच्या संध्याकाळी दिवा लागेपर्यंत एकही उचलायचं नाही. "हत्यारांक पण वर्षातसून एक दिस आराम होयो," असं ते म्हणायचे. गिरणी बंद पडली तरी त्यांनी हा नियम कधी मोडला नाही. सासरे गेल्यावर त्याची राखण जानकीने आपल्याकडे घेतली, आणि ती तर त्यांच्यापेक्षा कडक. एका दसऱ्याला नळ गळत होता, तर बाईने दिवसभर खाली बादली लावली, पण पान्याला हात लावू दिला नाही.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी मे महिन्यात विद्याधर जानकीला मागे बसवून कणकवलीला गावी घेऊन गेला. जाताना हौस होती. जानकी परत आली ती एसटीने, आणि पुढचे पंधरा दिवस पाठीला शेक घेत पालथी. तिचं हेल्मेट स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीला गेलं आणि त्यात तिने लसूण भरून ठेवली. हवा लागते, टिकते, म्हणाली. विद्याधरला रोज जेवताना समोर ते लसणीचं हेल्मेट दिसायचं. वर्षभर तो एकटाच फिरला. पण एकटं फिरण्यात काही राम नाही, हे त्याने जाहीर कबूल केलं नाही तरी त्याच्या तोंडावर दिसायचं. गाडी दोघांची म्हणून घेतली होती ना!

यंदा गणपतीनंतर जानकीनेच विषय काढला. तोंडली चिरत होती.

"हे बघा, दसऱ्याला मुलुंडला माझ्या बहिणीकडे, चंपाकडे सोनं द्यायला जायचंय. तुमच्या त्या जहाजावर येते मी. पण शेवटची संधी. जाऊन-येऊन पाठ दुखली, तर जहाज विकायचं. दोघांना बसता येत नाही ती गाडी घरात कशाला?"

"नाही दुखली तर?"

"तर बघू."

ह्या 'बघू'वर माणसाने कंबर कसली. मागच्या सीटचा फोम बदलला, मागे टेकायला पाठ लावली, तिच्या पायाचे फूटरेस्ट दोन बोटं खाली आणले म्हणजे गुडघे मुडपायला नकोत. वारा अंगावर येऊ नये म्हणून पुढची काच उंच लावली. ती लावताना स्क्रू कारच्या खाली गेला, तो शोधायला तीन घरांतले लोक टॉर्च घेऊन उतरले. दुसऱ्या मजल्यावरचे श्यामसुंदर काका तर रोज प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन येऊन बसायचे. त्यांना स्कूटरसुद्धा येत नाही, पण सल्ला द्यायला गाडी यावी लागते असं कुठे आहे?

राहिली मागची स्प्रिंग. ती बसणाऱ्यांच्या वजनाप्रमाणे आवळावी लागते. त्यासाठी आकडीसारखा एक वाकडा पाना असतो. कमी आवळली तर गाडी खड्ड्यात खाली आपटते, जास्त आवळली तर माणूस उडतो. म्हणजे मागे बसणाऱ्याचं वजन नेमकं कळायला हवं. आणि मागे कोण बसणार? जानकी. झाली ना पंचाईत!

विद्याधरने दोन दिवस घोकंपट्टी केली आणि एका सकाळी डबा भरताना विचारून टाकलं, "अगं, तुझं वजन किती असेल गं? सहज... स्प्रिंगसाठी."

जानकीने पोळी उलटवली. मान वर न करता म्हणाली, "पंचावन्न."

आता विद्याधरला डोळे आहेत. लग्नाला सव्वीस वर्षंही झाली आहेत. सव्वीस वर्षांत माणूस हेही शिकतो की असल्या उत्तराची फेरतपासणी करायची नसते. विमा कंपनीत ह्याच माणसाने एका सहीवरून अख्खा दावा परत पाठवला होता, पण इथे गुपचूप डबा उचलला आणि ऑफिसला गेला.

नवमीच्या दुपारी वाण्याकडून तांदळाच्या पंचवीस-पंचवीस किलोच्या दोन गोणी आणल्या, वर पाच किलो आट्याची पिशवी. गोणी मागच्या सीटवर बांधल्या, पुढे स्वतः बसला, काका टेप धरून गाडी किती खाली बसते ते मोजत होते.

"परब, वहिनी दोन गोणी नि एक पिशवीच ना?" काकांनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

"टेप वाचा काका," विद्याधर म्हणाला.

माप बरोबर जमलं. मग ह्या शहाण्याने काय केलं, तर तिला मऊ बसावं म्हणून स्प्रिंग आणखी दोन खाचा सैल केली. प्रेमाने केली हो, पण केली. संध्याकाळी जानकीने हत्यारं मागून घेतली, पुसून पाटावर मांडली. दत्तारामांचे अकरा पाने मध्ये, वाकडा पाना कडेला, बाजूला विद्याधरचं हेल्मेट. सगळ्यांना कुंकू लागलं. नियम सुरू.

दसऱ्याच्या सकाळी गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. वाहन त्या दिवशी फिरवायचंच असतं, त्याला बंदी नाही. हेल्मेटलाही नाही, ते डोक्यावर घालायचं, हत्यार थोडंच आहे! जानकीने खुंटीवरचं हेल्मेट काढलं, लसूण ताटात ओतली आणि म्हणाली, "संध्याकाळी परत आत जाईल." नवीन साडी नको म्हणून सलवार-कुडता घातला होता, पर्समध्ये आपट्याची पानं.

निघाले. सीट बघून ती "अरे वा" म्हणाली. पाठ टेकून बघितली. गेटबाहेरचा पहिला स्पीडब्रेकर आला आणि धप्प! गाडी मागून खाली आपटली. शाळेपाशी दुसरा, धप्प! तिसऱ्याला जानकीने त्याच्या खांद्यावर थाप मारली. तो थांबला. ती कमरेवर हात ठेवून उतरली.

परत पार्किंगमध्ये आले. विद्याधर गुडघ्यावर बसला, मागच्या स्प्रिंगकडे बघितलं, आणि त्याला क्षणात सगळं कळलं. पंचावन्न नव्हेत. पण ते तोंडावर आणायचं नाही, हे त्याने तिथेच ठरवलं. गाडी गेली तरी चालेल, पण पार्किंगमध्ये बायकोचं वजन काढणार नाही.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "मऊ करायला गेलो नि वाट लावली. तू म्हणाली होतीस ना, पाठ दुखली तर विकायची. शब्द म्हणजे शब्द. लावतो विकायला." आणि तो गाडीचा हार सोडायला लागला. हाताला गाठ सुटेना.

जानकी बघत उभी राहिली. तिला हवं ते झालं होतं. गप्प राहिली असती तर पुढच्या आठवड्यात पार्किंग मोकळं झालं असतं.

"पान्याने होईल का नीट?" तिने विचारलं.

"होईल. पाच मिनिटांचं काम. पण पाने पूजेत आहेत, संध्याकाळपर्यंत उचलायचे नाहीत. आणि संध्याकाळी चंपा वाट बघून बघून जेवून झोपेल."

ती वर गेली. विद्याधरला वाटलं, कपडे बदलायला गेली. पाच मिनिटांनी खाली आली ती हातात वाकडा पाना घेऊन. पान्यावर कुंकू, आणि झेंडूची एक पाकळी चिकटलेली.

"अगं, काय करतेस! बाबांचा नियम!"

"बाबांच्या फोटोपुढे उभं राहून, त्यांना सांगून आणलाय."

"काय सांगितलंस?"

जानकीने इकडेतिकडे पाहिलं. श्यामसुंदर काका खुर्चीत पेपर वाचत होते. ती खाली वाकली आणि विद्याधरच्या कानाशी म्हणाली, "अडुसष्ट."

काकांचा पेपर एकदम वर गेला, तोंड झाकण्याइतका, आणि थरथरायला लागला.

"हसू नका!" जानकी म्हणाली, नक्की कोणाला ते कळलं नाही. "आणि तुम्ही पण. नऊ दिवस राबताय माझ्या पाठीसाठी, तर एकदा नीट विचारायला काय झालं होतं?"

"विचारलं होतं गं."

"दुसऱ्यांदा!"

विद्याधरला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. पान्याची आकडी स्प्रिंगच्या खाचेत अडकवली. स्प्रिंग पाच खाचा आवळायची होती, शेवटची खाच बसेना. मग जानकीने ओढणी खोचली, दोन्ही हात त्याच्या हातांवर ठेवले आणि जोर लावला. खट्ट झालं. तिने हार परत नीट बांधला.

मुलुंडपर्यंत गेले, चंपाला सोनं दिलं, श्रीखंड-पुरी खाल्ली, परत आले. एकदाही धप्प झालं नाही. पण परतीच्या वाटेवर जानकी गप्प होती. पवईचा तलाव गेला, आरे कॉलनीचा फाटा गेला, मागून अवाक्षर नाही. पार्किंगमध्ये तिने हेल्मेट काढलं, काखेत मारलं आणि जिन्याकडे निघाली.

"पाठ?" त्याने विचारलं.

"थांबा हो, दिवा लावायचाय," म्हणून ती वर गेली सुद्धा.

विद्याधर खालीच रेंगाळला. गाडीवरून फडका फिरवला, पाना पुसला, परत पुसला. काका विचारत होते, "काय परब, निकाल?" त्याने हात हलवला. शेवटी पाना घेऊन जिना चढला. दिवा लागायच्या आधी तो जागेवर ठेवायला हवा होता, तेवढा तरी नियम राहू दे.

स्वयंपाकघरात दारामागची खुंटी रिकामी होती. लसूण अजून ताटातच होती, आणि जानकी ती एका जाळीच्या टोपलीत भरत होती. त्याने देवघराकडे पाहिलं. पाटावर दत्तारामांचे अकरा पाने, कडेला वाकड्या पान्याची रिकामी जागा, आणि त्या जागेच्या शेजारी जानकीचं हेल्मेट. त्याला ओलं कुंकू लावलेलं होतं आणि वर झेंडूचं फूल.

"दाराशी उभे काय राहिलात?" ती टोपली खुंटीला लावत म्हणाली. "पाना ठेवा जागेवर. दिवा लावते. आणि दिवाळीला कणकवलीला जायचं तर चंपाला आत्ताच सांगा, नाहीतर ती फराळ करून बसेल."