मामांचा पालक

सुरतेजवळ कोसाडच्या आमच्या वसाहतीत माझ्या मामेसासऱ्यांकडून पालकाची जुडी न घेता सुटलेला माणूस अजून जन्मायचा आहे. मूळचे अमळनेरकडचे. उभं आयुष्य डाइंग मिलमध्ये कापड रंगवण्यात गेलं, आणि निवृत्तीनंतर त्यांनी मिलांचं पाणी वाहून नेणाऱ्या खाडीकाठी भाजीचे वाफे केले. पाण्याचा रंग रोज नवा. बादली बुडवताना मामा जुना दोस्त भेटल्यासारखे म्हणत, "आज मोरपंखी चालू आहे." राग सगळा बाजारच्या भाजीवर, तिच्यावर औषध मारतात म्हणे. स्वतःच्या पालकाला त्यांनी चिमूटभर खत घातलं नाही, तरी पानं हातरुमालाएवढी. पाण्यातच कस आहे, असं ते सांगत. कुणाला मुलगा होवो की कुणाची नोकरी जावो, मामा जुडी घेऊन दारात हजर. डॉक्टरांनी नातीचं रक्त कमी आहे म्हटल्यावर तर घरात दुसरं काही शिजेना.

माझी बायको कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिने एक जुडी तपासून आणली, तर पानांत शिसं आणि कॅडमियम निघालं. मामा आधी खूशच झाले. लोहाबरोबर आणखी दोन मिळाली असं त्यांना वाटलं. भाचीने समजावल्यावर त्यांनी, धुऊन जाईल का, उकळून जाईल का, असं विचारून पाहिलं. ते पानाच्या आतच आहे, ती म्हणाली. घाबरले की मामा अहिराणीत शिरतात. "मन्ही नातलेबी हाईच भाजी खावाडी मी," एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन ते दारोदार निघाले. पहिल्या घरची बाई अडखळत म्हणाली, रागावू नका, पण आम्ही ती गाईला घालतो. मामांनी तिला हात जोडले. गाईचं नंतर बघू म्हणाले. पुढच्या घरी कळलं, थेट कचऱ्यात जाते. मामा आणखी खुलले. आपली भाजी कुणी खात नाही हे ऐकून इतका सुखावलेला माळी मी पाहिला नव्हता.

चौथ्या मजल्यावर एक आजी एकट्या राहतात. त्या म्हणाल्या, "रोज खाते, भाऊ. माझ्यासाठी दुसरं कोण आणतं?"

मामा त्यांच्या उंबऱ्यावरच बसले.

नातीचं आणि आजींचं रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, पण पुन्हा बघावं लागेल. मामांनी वाफे उपटून टाकले. आता बाजारात ते जुडी उचलतात आणि हळूच विचारतात, पाणी कुठलं? भाजीवाली हसून गुजरातीत म्हणते, "बोरनुं, काका." बोअरचं म्हणजे जमिनीतलं, आणि खाडीही त्याच जमिनीत मुरते. मामा जुडी धरून तसेच उभे राहतात. मागची गिऱ्हाइकं खोळंबतात.