तीन ब्रशांचा संसार

लाकडाच्या बाबतीत पॉलिशमास्तरांचा शब्द शेवटचा, यात वादच नव्हता. फर्निचरच्या कारखान्यात टेबल कितीही ओबडधोबड येऊ दे, मास्तर आधी जाडा सँडपेपर मारणार, मग मधला, मग बारीक, आणि शेवटी पॉलिशचा बोळा असा फिरवणार की मालकाने त्यात बघून भांग पाडावा. एवढ्यावर थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण एक गोष्ट चांगली जमली की आपल्याला सगळंच कळतं, असं वाटण्याचा जो आजार असतो, तो मास्तरांना लग्नाच्या आधीपासून जडला होता.

त्यामुळे दातांचं शास्त्रही त्यांनी घरबसल्या तयार केलं होतं. बेसिनवरच्या फळीवर माणशी तीन ब्रश. पहिला हार्ड, इतका की त्याने करपलेलं पातेलं निघालं असतं. दुसरा मिडीयम. तिसरा सॉफ्ट, तो म्हणे फिनिशिंगला. ब्रशची खरेदी म्हणजे तर सोहळाच. दुकानदार डोळे वटारत असतानाही मास्तर पाकीट फोडायचे, ब्रशच्या केसांवरून अंगठा फिरवायचे आणि डोळे मिटून, जाणकारासारखी मान हलवायचे.

"साहेब, हल्ली सगळे मऊच नेतात," दुकानदार एकदा म्हणाला.

"मग सगळ्यांचे दातही बघा की जरा!" असं म्हणून मास्तरांनी त्याला गप्प केलं होतं. दोन दिवस राहायला आलेल्या मेहुण्यालाही त्यांनी तीन ब्रश हातात दिले. तो त्यानंतर फिरकला नाही.

या शास्त्राला जगात अनुयायी एकच मिळाली, ती म्हणजे त्यांची बायको. बाई घरी शिवणकाम करायची. नवऱ्याच्या हातची कारागिरी तिने पाहिली होती, तिला त्या हाताचा अभिमानही होता, आणि जो माणूस लाकडाला आरसा करतो तो दातांबद्दल चुकीचं कशाला सांगेल, असा तिचा भाबडा हिशोब होता. रोज सकाळी आणि रात्री ती तिन्ही ब्रश एकामागून एक इमानेइतबारे फिरवायची. मग थंड पाण्याचा घोट घेतला की कळ थेट मस्तकात जायची.

"अहो, फार दुखतंय हो."

"अगं, म्हणजे घासणं कमी पडतंय! हार्डवाला अजून जरा वेळ मार."

मारायची बिचारी. हिरडीतून रक्त आलं तर मास्तर समाधानाने म्हणायचे, "बघ, घाण निघतेय." वा रे शास्त्र!

पुढे पुढे ती पाव चहात बुडवूनच खायला लागली, तोही एका बाजूने. हसताना तोंडावर हात यायला लागला. नंतर हसणंही कमी झालं. मास्तरांना वाटलं, वयानुसार माणूस गंभीर होतोच. शेवटी एक दिवस खालचा पुढचा दात जिभेने ढकलला तरी हलायला लागला, तेव्हा तिने न विचारता दातांच्या डॉक्टरची वेळ घेतली. मास्तर सोबत गेले. डॉक्टरचं काही चुकलं तर सांगायला कोणीतरी हवं ना!

डॉक्टर म्हणजे तरुण मुलगी होती. तिने दिवा पुढे ओढला, बराच वेळ बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काकू, खालचे दोन काढावे लागतील. बाकीचे आपण वाचवू. पण हिरड्या फार खाली गेल्यात, दातही झिजलेत. घासता तरी कशाने?"

झालं! मास्तर सरसावून बसले. आधी जाडं, मग मधलं, मग बारीक, हे सगळं व्याख्यान त्यांनी हातवारे करून दिलं. डॉक्टरने ते शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, आता तुम्ही बसा बघू या खुर्चीत."

मास्तरांनी ऐटीत आ केला. दात ठणठणीत होते, हिरड्या जागच्या जागी.

"तुम्हीही रोज तिन्ही ब्रश वापरता?"

मास्तरांनी खिडकीकडे पाहिलं. "म्हणजे काय, की सकाळी कारखान्याची घाई असते. रात्री दमलेलो असतो. मी आपला... शेवटचाच फिरवतो."

"म्हणजे सॉफ्ट?"

"फिनिशिंगचा," मास्तर पुटपुटले.

बाजूला उभी असलेली बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. डॉक्टर मग समजावून सांगू लागली. दातावर वरून एक पातळ, कडक थर असतो. तो झिजला की पुन्हा येत नाही. म्हणून ब्रश मऊ हवा, डोकं लहान हवं, हात हलका हवा.

"पातळ थर? म्हणजे विनिअर?" मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

विनिअर म्हणजे प्लायवर चिकटवलेला चांगल्या लाकडाचा पापुद्रा. त्यावर कोणी जाडा सँडपेपर मारलाच, तर मास्तर कारखाना डोक्यावर घ्यायचे. पापुद्रा गेला की खालचा प्लाय उघडा पडतो, मग कितीही पॉलिश थापा, फुकट. आणि इथे स्वतःच्या बायकोच्या तोंडात त्यांनी दोन्ही वेळ तेच करून घेतलं होतं, वर तिलाच ओरडले होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दात काढल्यावर दोघं वाटेतल्या दुकानात शिरली. तिच्या तोंडात कापसाचा बोळा होता. मास्तरांची लाज तेवढ्या वेळात थोडी ओसरली होती.

"सगळ्यात मऊ द्या, लहान डोक्याचा," त्यांनी फर्मावलं आणि तिच्याकडे वळून बोट नाचवत सुरू केलं, "हे बघ, आता हलक्या हाताने, गोल गोल फिरवायचं. दाबायचं अजिबात नाही. डॉक्टरांचं बरोबर आहे."

तिने त्यांच्या हातातलं ब्रशचं पाकीट काढून घेऊन काउंटरवर ठेवलं. पुढ्यातले चार ब्रश स्वतः उलटसुलट करून पाहिले आणि एक निवडला.

"अगं, काय झालं? दात गेले म्हणून वाईट वाटतंय का?"

"दातांचं काही नाही हो," बोळा सांभाळत ती सावकाश म्हणाली. "लग्न झाल्यापासून मी सांगत होते, दुखतंय म्हणून. त्या मुलीने एकदाच सांगितलं, तर तुम्हाला लगेच पटलं."