बोर्डावर नाव बाबलीचं

बाबली गावस जन्माला आला तोच दचकून, असं त्याची आई सांगायची. पुढे चोपन्न वर्षं त्यानं तो बाणा सोडला नाही. कुत्र्याला भ्यायचा ते एक वेळ समजू शकतं. पण तो पोस्टमनलाही भ्यायचा. मोबाईलवर अनोळखी नंबर दिसला की फोन उशीखाली सरकवायचा. लग्नात अंतरपाट बाजूला झाला तेव्हा नवरीऐवजी भटजींकडे बघत राहिला होता, ते सुमंगला अजून त्याला ऐकवते. घाबरला की त्याची जीभ अडखळायची, आणि जीभ अडखळली की तो आणखी घाबरायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण बाबलीच्या बाबतीत ब्रह्मराक्षसाला मागे लागायची गरजच पडत नसे, हा स्वतःच त्याचा पत्ता विचारत जायचा.

गोव्यातल्या इब्रामपुरात सेवा सोसायटीच्या ऑफिसात तो बावीस वर्षं शिपाई होता. कुलूप उघडायचं, झाडायचं, भाजी-पाव आणि चहा आणायचा, आणि दर बुधवारी राखणदाराला विडी द्यायची. राखणदार म्हणजे गावाच्या शिवेवर फिरून गाव सांभाळणारा देव. त्याचा पाषाण सोसायटीच्या इमारतीहून जुना. बांधकामाच्या वेळी तो हलवायची छाती कोणाला झाली नाही, म्हणून भिंतच त्याच्याभोवती वळवली, आणि देव आपसूक हॉलच्या कोपऱ्यात आला.

विडी पेटवायची तर एक झुरका ओढावाच लागतो. बाबलीला एरवी व्यसन नव्हतं. पण बुधवारी चार वाजता तो एक झुरका ओढायचा, ठसकायचा, विडी पाषाणापुढे ठेवायचा आणि हात जोडून गाऱ्हाणं घालायचा. नवल असं की गाऱ्हाणं घालताना त्याची जीभ एकदाही अडखळली नाही. तिथं माणूस स्वतःचं बोलतच नाही. तो सगळ्यांच्या वतीनं देवाशी बोलतो, आणि दर वाक्याला मागे उभी असलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून आपला शब्द त्याच्या शब्दाला बांधतात.

गाऱ्हाणं झालं की सोसायटीचे सहा-सात संचालक खुर्च्या ओढून बसत आणि राखणदाराच्या सोबतीला म्हणून आपापली विडी पेटवत. चेअरमन विनायकबाब सिगारेट ओढायचे, एकीवर एक. देवाला एक विडी आणि भक्तांना बंडल, असा तो हिशेब. राखणदाराच्या नावाखाली चाललेल्या धुराला कोण नाही म्हणणार?

पूर्वी ते खपून जायचं, कारण हॉलच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या असत. मग सोसायटीत कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटरला थंडावा हवा म्हणून एसी आला, आणि एसीसाठी खिडक्या कायमच्या बंद झाल्या. कॉम्प्युटरवर बसायला पूनम आली. तिचे आईवडील, गणपत आणि चंद्रभागा, कोल्हापूरकडून बांधकामावर आले आणि डिचोलीत राहिले. प्रवीणशी लग्न झाल्यावर ती इकडे आली. कामाला चोख, बोलायला कमी. बुधवारी चारनंतर ती ओढणीचं टोक नाकाशी धरून एका हातानं टायपिंग करायची. बाबलीनं ते पाहिलं होतं. पण आपण बरं आणि आपलं काम बरं, हे त्याचं पहिल्यापासूनचं धोरण.

एक दिवस आरोग्य खात्याचा साईश नावाचा तरुण मोटरसायकलला बोर्ड बांधून आला. ‘धूम्रपान निषिद्ध क्षेत्र. येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे.’ खाली एक रिकामी ओळ होती.

“हांगा नाव घालूक जाय,” साईश म्हणाला. “कोणी धूर काढलो तर लोकांनी तक्रार कोणाकडे करूची, त्याचा नाव.”

विनायकबाबांनी मान वर न करता सांगितलं, “बाबल्याचा घाल. तो खयच जायना.”

संचालक हसले. बाबली हसला नाही. साईश स्क्रू पिळत होता आणि बाबली स्टूल धरून उभा होता; स्टूल थरथरत होतं ते साईशच्या वजनानं नव्हे. “ह्यो का-कायदो पणजेचो काय दि-दिल्लीचो?” त्यानं विचारलं.

साईश हुशार मुलगा होता आणि हुशार मुलांना असं विचारायचं नसतं. त्यानं स्टुलावरूनच सांगायला सुरुवात केली. कायदा दिल्लीचा, दोन हजार तीनचा; ऑफिसं आणि कामाच्या जागा बंदीत आणणारे नियम दोन हजार आठचे. पण त्याचं मूळ दिल्लीच्याही पलीकडे आहे. जागतिक आरोग्य संघटनेत देशांनी मिळून तंबाखूविरुद्ध करार केला. भारतानं दोन हजार चारमध्ये त्याला मान्यता दिली. आज एकशे ऐंशीहून जास्त देश त्यात आहेत. कराराच्या आठव्या कलमात लिहिलंय की कामाच्या बंद जागेत दुसऱ्याच्या धुरापासून माणसाला वाचवायची जबाबदारी देशाची. “देशान जगाक शब्द दिलो, बाबलीकाका. शब्द दिल्यार पाळूक जाय. तो पाळूचो म्हणान हो बोर्ड. आणि तक्रार येवनय इनचार्ज माणसान काय केला ना, तर दंड त्याका.”

बाबलीच्या तोंडचं पाणी पळालं. एकशे ऐंशी देश! त्यांनी भारताला धरलं, भारतानं गोव्याला धरलं, आणि गोव्यानं धरून धरून कोणाला धरलं तर इब्रामपूरच्या बाबली गावसाला! त्या आठवड्यात त्याला भूक लागली नाही. पोस्टमन दिसला की आता तो सरळ काजूच्या बागेत शिरायचा.

तक्रार मात्र कोणी केली नाही. संचालक बोर्डाखाली बसूनच ओढत. महिना गेला, दोन गेले, आणि बाबलीला वाटू लागलं की आपलं नाव विसरलं गेलं. ही त्याची मोठी चूक.

कारण पुढच्या बुधवारी पूनम मधेच उठून बाहेर गेली आणि पायरीवर बसली. बाबली पाण्याचा तांब्या घेऊन गेला. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि दोन्ही हात पोटावर होते. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की ती पोटुशी आहे आणि हे नुकतं नव्हे.

“मामा, एक इचारू? रागावणार न्हाई न्हवं?”

बाबलीवर कोणी रागावू नये म्हणून बाबली जगत आलेला. आपल्या रागाला कोणी भिईल, हे त्याला नवीन होतं.

“पाचवा चाललाय,” ती म्हणाली. “गेल्या साली पाचव्यातच गेलं माझं. कशानं गेलं ते कुणालाच सांगता आलं न्हाई. पण म्हापशाच्या डॉक्टरीणबाई म्हणल्या, दुसऱ्यानं सोडलेला धूरबी बाळाला बाधतो, त्यात बसू नको. प्रवीण म्हणतो, नोकरी सोड. सोडली तर भाड्याचं काय? मला लई भ्या वाटतंय मामा. बुधवार आला की भ्या वाटतंय.”

“म... मगे तक्रार कित्या केलंस नाय?”

ती हळूच म्हणाली, “बोर्डावर तुमचं नाव हाय. आन पयली विडी तुमीच पेटवता. मी कुणाकडं सांगणार?”

बाबली तांब्या तिथंच ठेवून घरी गेला. ऑफिसला कुलूप लावायचं राहिलं, हे बावीस वर्षांत पहिल्यांदा झालं.

संध्याकाळी सुमंगला पेज ढवळत होती आणि तो चुलीपाशी उकिडवा बसून होता. त्यानं सगळं सांगितलं. एकीकडे चेअरमन, एका शब्दात घरी बसवतील. दुसरीकडे राखणदार. विडी चुकली तर गावावर काय येईल आणि पहिलं कोणावर येईल, हे सांगायला कौल लावणारा घाडी नको. तिसरीकडे एकशे ऐंशी देश. आणि मधे ती पोर, पोटावर हात धरून. “माका भंय दिसता गो,” तो म्हणाला, आणि खरोखर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

“तुमका भंय कधी दिसूक नाय?” सुमंगला म्हणाली. मग तिनं ढवळायची डवली बाजूला ठेवली. “राखणदार कोणाक राखता?”

“गावाक.”

“पूनमच्या पोटातला पोर गावातलाच मा? काय राखणदार वळख बघून राखता?”

“चेअरमनाक सांगूक माजी ज-जीभ वळची नाय.”

“जीभ खय वळता ती जागा तुमका ठावक आसा,” ती म्हणाली आणि पेज वाढायला उठली.

तो आठवडा बाबलीनं कसा काढला ते त्यालाच ठाऊक. पूनमला त्यानं काही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर करावं लागलं असतं. बुधवारी चार वाजले. संचालक जमले, चपला काढून पाषाणापुढे उभे राहिले. विनायकबाबांच्या ओठांत सिगारेट आधीच तयार होती, हातात लायटर. पूनम कॉम्प्युटरपाशी ओढणी नाकाला लावून बसली होती.

बाबलीनं विडी काढली. काडेपेटी काढली नाही. विडी तशीच, न पेटवता, पाषाणापुढे ठेवली. ती गडगडली आणि त्याला पुन्हा उचलून ठेवावी लागली. आता राखणदार बघत होता आणि मागून चेअरमन बघत होते. पळायला दार एकच, आणि त्याच्या वाटेत सात माणसं. त्यानं डोळे मिटले.

“हे बा देवा राखणदारा!”

“व्हय म्हाराजा!” मागून सवयीनं आवाज आला.

“बारा वाटांच्या, बारा व्हाळांच्या धन्या, तुजी लेकरां आज तुज्या पायाकडे जमली आसत...”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या घरात राबणाऱ्या एका आवयच्या पोटात तुजा एक लेकरू वाढता आसा. त्याच्या केसाकय धको लागूक देव नको...”

“व्हय म्हाराजा!”

“त्याका धुराचो तरास जाता, म्हणान आज तुजी विडी पेटवूक नाय. तशीच ठेयली आसा, ती गोड मानून घे, आणि चुकला असात तर तो राग माज्या एकट्यार काढ...”

इथं मागे जरा चुळबूळ झाली. पण गाऱ्हाण्याच्या मधे गप्प राहणं म्हणजे देवाला नाही म्हणणं. ते कोण करणार? “व्हय म्हाराजा!”

“आणि ह्या चार भितींत ह्याफुडे कोण धूर काढूचो नाय, अशी तुज्या लेकरांनी आज तुका जबान दिलेली आसा, ती त्यांच्याकडसून पाळून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यांत मोठा आवाज विनायकबाबांचा होता. पन्नास वर्षांची सवय ती. ओठांतली सिगारेट हातात घेऊन त्यांनी म्हटलं आणि मग त्यांना कळलं, आपण काय म्हटलं ते. सातही जणांना एकदमच कळलं. हॉलमध्ये फक्त एसी घरघरत होता. पूनमनं ओढणी नाकावरून काढली होती.

कोणी हसलं नाही, कोणी ओरडलंही नाही. राखणदाराला दिलेली जबान मोडायची हिंमत त्या सातांत एकाचीही नव्हती. त्या बाबतीत सगळे बाबलीच. एकेकजण चपला शोधायला लागला.

विनायकबाब बाहेर फणसाखाली जाऊन उभे राहिले आणि तिथून त्यांनी हाक मारली, “बाबल्या, हय ये.”

बाबली गेला. विनायकबाबांची सिगारेट अजून तशीच बोटांत होती, न पेटवलेली.

“माजो नातू चार महिन्यांचो जालो,” ते म्हणाले. “रात-दीस खोकता. सून, आमची सेजल, त्याका घेवन परसात जावन बसता. न्हवरो विचारता, कित्या गे बसलंस थंय, तर म्हणता उकडता म्हणान. डिसेंबरात काय उकडता रे?”

विनायकबाबांनी हातातला लायटर खिशात टाकला.

“माका घरात कोण कायच बोलूक नाय. कित्या बोलूक नाय, बाबल्या?”

यावर चांगलंसं काहीतरी सांगता आलं असतं. पण बाबलीकडे होता नव्हता तो सगळा धीर आत खर्च झाला होता, आणि खोटं बोलायलाही थोडा धीर लागतोच.

“भियेतत तुमका,” तो न अडखळता म्हणाला.

विनायकबाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग बोटांतली सिगारेट खिशात घातली, पुन्हा काढली, आणि कुठं टाकावी ते न कळून तशीच मुठीत धरून घराच्या वाटेला लागले.