पंधरा हजार किलोमीटर आणि एक ‘येतो’

टक्, टक्, टकाटक्. गुरुजी टेबलावर डस्टर आपटत समुद्राच्या कवितेचा ठेका धरायचे. अकोल्याच्या त्या वर्गात उडणारी खडूची धूळ मला आणि मधूला फेसासारखी दिसायची. समुद्र दोघांनीही पाहिला नव्हता. एकदा बेटावर जायचं आणि चहूकडे पाणी बघायचं, हे त्याच बाकावर ठरलं.

पुढे दोघंही डॉक्टर झालो. मी लीड्सला आलो, मधू ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जला गेला, लाल मातीच्या वाळवंटात. बेट मी निवडलं, स्कॉटलंडचं बॅरा. मधूच्या गावापासून हवाई अंतर सुमारे पंधरा हजार किलोमीटर. तीनदा बेत ठरला, तीनदा मीच मोडला. यंदा मधूची बायपास झाली. आता तो कुठला येतोय, असं परस्पर ठरवून मी एकट्याचं तिकीट काढलं. त्याला सांगायची लाज वाटली. रविवारी फोनवर नुसतं हवापाण्याचं बोललो.

शेवटी तो म्हणाला, “बरं मोहन्या, येतो रे.”

“ये,” मीही सवयीनं म्हणालो.

सोमवारी लीड्सहून ट्रेननं ग्लासगो, वाटेत कार्लाइलला गाडी बदलून. मुक्काम तिथंच करावा, कारण पुढच्या विमानाची वेळ ओहोटी ठरवते. मंगळवारी जेमतेम वीसेक माणसांचं विमान तासाभरात बॅराला पोचलं आणि थेट पुळणीवर उतरलं. चाकांनी पातळ पाणी उडवलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते पाणी, आणि कोपरानं ढोसायला शेजारी कुणी नाही. मधूला फोन लावला. बंद. कळलं असेल का त्याला? रुसला असेल?

गेस्ट हाउसच्या बाईंनी दुधातलं हॅडक माशाचं सूप वाढलं. गरमागरम, जरूर घ्या. “एकटेच?” त्यांनी विचारलं.

“मित्र फार लांब असतो.”

“आम्हाला तर दूधवालाही लांब पडतो,” त्या हसल्या.

जाणाऱ्यांनो, छत्री नेऊ नका, वारा ती ठेवत नाही. जाड जॅकेट न्या. बुधवारभर किनाऱ्यानं हिंडलो. कवितेच्या ओळी आठवल्या, पण मोठ्यानं म्हणवेनात.

गुरुवारी संध्याकाळी घरी आलो. शेजारची मार्गारेट कुंपणावरून म्हणाली, “काल एक आजोबा आले होते. मोठी हॅट. दोन तास तुझ्या पायरीवर बसले. तू बॅराला गेलास म्हटल्यावर निघून गेले.”

आपल्यात निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. मधू मात्र त्या दिवशी खरंच येतो म्हणाला होता, आणि मी त्याला निरोप देऊन मोकळा झालो. बायपासनंतर तो पंधरा हजार किलोमीटर आला. मला एक खरं वाक्य बोलता आलं नाही. फोन अजूनही बंद. प्रवासातलं पाणी, वारा, सूप सगळं छान होतं. जवळ उरलं ते एवढंच.

आज सकाळी हे लिहीत असताना बेल वाजली. दारात भिजलेल्या कोटातली एक अनोळखी मुलगी.

“मोहन आजोबा? मी ईशा, मधूआजोबाची नात. ब्रिस्टलहून ड्राइव्ह केला. आजोबा तुमच्यामागे बॅराला निघाला आणि ग्लासगोला अडकला, वाऱ्यामुळे फ्लाइट कॅन्सल झाला. तिथल्या गेस्ट हाउसला फोन केला, तर तुम्ही घरी परतलात म्हणाले. इथलं सिम घेतलंय त्याने आता. म्हणतो, मोहन्याला उचलून आण, मग बघतो त्याच्याकडे.” तिनं मागं वळून रस्त्याकडे पाहिलं. “शूज घाला ना लवकर, गाडी डबल यलो लाइनवर आहे, दंड होईल.”